चित्रशाळेत जायचे दिवस

नागपंचमी जवळ आली की गोव्यातल्या डिचोलीच्या रस्त्यांवर पाट काखेत मारून चाललेली माणसे दिसू लागतात. कुणाचा पाट नवा, पॉलिश केलेला. कुणाचा आजोबांच्या काळचा, फणसाचा, दर वर्षी पाण्यात बुडून कडा काळ्या पडलेला. चित्रशाळेच्या दारात मूर्तिकार विचारतो, "पाट हाडला?" मग तो पाट उलटा करतो आणि मागच्या बाजूला खडूने आडनाव, वाडा आणि मूर्तीची उंची लिहितो. चवथीचा गणपती याच पाटावर बसायचा असतो. वेगळी पावती लागत नाही.

आमच्याकडे चित्रशाळा म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा. पणजीत राज्य संग्रहालय आहे, पिळर्णला सुबोध केरकरांनी २०१५ साली सुरू केलेले म्युझियम ऑफ गोवा आहे. दोन्हीकडे आवर्जून जावे. पण पेडणे-डिचोलीच्या मुलाला पहिले कलादालन भेटते ते हेच. कौलारू पडवी, पावसाकडच्या बाजूला ताडपत्री, भिंतीला लागून फळ्यांची मांडणी आणि आत पाऊल टाकताच नाकात भरणारा ओल्या मातीचा वास. मी लहानपणी वडिलांचे बोट धरून जात असे. आता दर वर्षी एकटाच चार-पाच खेपा घालतो, कारण एका खेपेत इथले काही हाती लागत नाही. आज पाहिलेले आठवड्याने तिथे नसते.

नागपंचमीच्या आधी गेलात तर मातीच माती. शेतातली चिकणमाती पाऊस लागण्याआधी खणून आणलेली असते. ती भिजवायची, खडे आणि मुळे वेचायची, पायांनी तुडवायची, मग लाकडी मोगरीने कुटायची. कुटताना पिंजलेला कापूस घालतात, म्हणजे सुकताना माती फाटत नाही. हल्ली बरेच जण गुजरातेतून येणारा शाडू वापरतात. तो मऊ, बारीक, बोटाला लगेच वळणारा. शेतातली माती त्यापेक्षा हट्टी. मी ज्या चित्रशाळेत जातो तिथले म्हातारे मूर्तिकार चिमूटभर माती अंगठ्याखाली चोळून पाहतात, आणि कुठे एक कण टोचला तरी गोळा पुन्हा कुटायला पाठवतात. तो कण पुढे नेमका गणपतीच्या गालावर वर येतो, असे ते सांगतात.

धड साच्यातून निघते, पण आतून पोकळ. भरीव ठेवले तर वरची माती सुकते, आतली ओली राहते आणि मूर्ती तडकते. हात, कान, सोंड नंतर हाताने बसवतात. सोंड लावताना मी शेजारी बसून पाहिले आहे. आधी खिळ्याने दोन्ही जागा खरवडून घेतल्या, त्यावर दाट कालवलेली माती चोपडली, मग सोंड टेकवून दोन्ही अंगठ्यांनी सांधा दाबत दाबत असा मिटवला की जोड कुठे होता ते मला दाखवता येईना. लगेच ओले फडके गुंडाळले. सोंड धडापेक्षा बारीक, म्हणून ती आधी सुकते. आधी सुकली की आकसते आणि सांध्यात सुटते. तिला मागे ठेवायचे, धडाला पुढे येऊ द्यायचे, हे फडक्याचे काम.

या धंद्याची खरी झुंज पावसाशी. हवा दमट, ऊन नाही. पंखे लावतात, मोठे बल्ब लावतात, पण घाई केली की भेगा ठरलेल्या. म्हणून मूर्तिकार नवे पंचांग उघडतो तेव्हा अधिक मास शोधतो. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला आली होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आली. अडीच आठवड्यांचा फरक. मातीला तेवढेच दिवस जास्त.

प्लास्टर ऑफ पॅरिस अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते, त्याचा मोह इथूनच निघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारलेल्या सूचनांत त्याच्या मूर्तींना मनाई केली. गोव्यातही बंदी आहे. मातीची मूर्ती करणाऱ्यांना सरकारचे हस्तकला महामंडळ मूर्तीमागे अर्थसाहाय्य देते. तरीही एका वर्षी आम्ही घाईत बाजारातल्या एका दुकानातून 'मातीचीच' म्हणून मूर्ती आणली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती नदीच्या काठाला आडवी पडलेली होती, रंगही तसाच. माझी आई तिथून बराच वेळ हलली नाही. तेव्हापासून आमचा पाट चित्रशाळेखेरीज कुठे गेलेला नाही.

पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागांत, म्हणजे जुन्या काबिजादींत, देवळे पाडली गेली, उघड पूजेला बंदी आली, तेव्हा कित्येक घरांनी गणपती पत्रीत किंवा कागदावरच्या चित्रात जपला. काही घरांत आजही तसाच पुजतात. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे आली ती फार उशिरा. पेडणे तर १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर त्यांचे धोरण बदलले होते, या नव्या काबिजादींत लोकांच्या धर्माला हात लावायचा नाही असे ठरले होते. ओळीने मांडलेल्या मूर्ती पाहताना मला नेहमी ते कागदावरचे गणपती आठवतात.

शेवटच्या आठवड्यात जावे ते संध्याकाळी. चपला पायरीशी काढाव्यात, मांडणीला टेकू नये, फोटो विचारून काढावा. मुले आणली तर हरकत नसते. मूर्तिकार त्यांना मातीचा गोळा देतो आणि ती उंदीर वळत बसतात. या आठवड्यापर्यंत मूर्तीला खडूचा पांढरा हात होऊन अंगाचा रंग चढलेला असतो, सोवळे पिवळे झालेले असते, दागिन्यांवर सोनेरी फिरलेले असते. उरतात डोळे.

डोळ्यांची आखणी मूर्तिकाराच्या घरातला एकच माणूस करतो. त्या वेळी पंखा बंद. कुंचला दोन-चार केसांचा. आधी वरच्या पापणीची रेघ, एका श्वासात, नाकाकडून कानाकडे. मग बुबुळ, आणि शेवटी त्यात पांढरा ठिपका, मोहरीएवढाही नाही. तो पडेपर्यंत समोर रंगवलेली माती असते. तो पडला की आपण नकळत जरा मागे सरकतो. मी दर वर्षी सरकतो.

चवथीला मूर्ती न्यायला येणारे लोक तांदूळ, नारळ, विडा आणि दक्षिणा घेऊन येतात. भाव करत नाहीत. मूर्तीच्या तोंडावर कागद किंवा रुमाल घालून पाट छातीशी धरतात आणि पावसात छत्री मूर्तीवर धरतात, डोक्यावर नाही. वर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली गणपती दीड दिवस, पाच दिवस, कुठे अकरा दिवस राहतो. मग नदी.

परतताना पाटावर मूठभर वाळू घेऊन येतात. ती घरात शिंपडली की पाट धुऊन माळ्यावर जातो. खडूची अक्षरे तोवर पाण्याने गेलेली असतात. म्हणून पुढच्या नागपंचमीला म्हातारे मूर्तिकार तो उलटा करून पुन्हा विचारतात, "उंची किती?"

"सदांचीच," आम्ही सांगतो.