कार्बनचा ‘युरोपातला भाव’ आणि आपली सही



"कार्बनवाले आलेत, युरोपात टनाला 80 युरो भाव आहे म्हणतात, सही करू का?" असे फोन सध्या ऑफिसला येत आहेत. सहीचं नंतर बघू. आधी तो भाव कशाचा आहे ते समजून घेऊ.

*हा बाजार चालतो कसा?*
समजा, पाणीवापर संस्थेने ठरवलं की कालव्याचं एकूण पाणी एवढंच, आणि ते दरवर्षी थोडं कमी होणार. प्रत्येक पाळीला कुपन. ज्याने ठिबक केलं त्याची कुपनं उरली, ती त्याने पाटाने पाणी देणाऱ्याला विकली. युरोपियन युनियनने 2005 पासून धुराच्या बाबतीत हेच केलं. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वीज कंपनीने वर्षभरात जेवढे टन हवेत सोडले, तेवढे परवाने जमा करायचे. कमी पडले तर टनामागे 100 युरोच्या वर दंड, शिवाय राहिलेले परवाने द्यावेच लागतात.

*वीज कंपन्यांवर परिणाम*
कोळशावर 1000 युनिट वीज केली की साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड निघतो. गॅसवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. पवनचक्की आणि सोलरला परवाना लागतच नाही. म्हणजे भाव 80 युरो असेल तर कोळशाच्या 1000 युनिटवर 80 युरो जादा खर्च. त्यामुळे कोळशाची वीज महाग पडते आणि मागे हटते.

सुरुवातीला घोळही झाला. परवाने बहुतेक फुकट आणि गरजेपेक्षा जास्त वाटले, त्यामुळे 2007 मध्ये भाव जवळपास शून्यावर आला. फुकटच्या परवान्यांची किंमतही कंपन्यांनी वीजदरात लावली आणि नफा कमावला. म्हणून 2013 पासून बहुतेक वीज कंपन्यांना परवाने लिलावात विकत घ्यावे लागतात. फेब्रुवारी 2023 मध्ये भाव 100 युरोवर गेला होता.

*मग आपला संबंध काय?*
80 युरो हा त्या परवान्याचा भाव आहे, आपल्या शेतातल्या क्रेडिटचा नाही. 2021 पासून त्या बाजारात बाहेरच्या देशांतली क्रेडिट चालत नाहीत. आपली क्रेडिट घेतात त्या स्वखुशीने घेणाऱ्या कंपन्या. तिथला भाव वेगळा, बहुतेक वेळा बराच कमी. भारत सरकारनेही 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली आहे, पण तिच्या पहिल्या टप्प्यात सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद असे कारखाने आहेत; कोळशाची वीजकेंद्रं नाहीत.

*सहीआधी एवढं विचारा*
1) करार किती वर्षांचा?
2) मोजणी-तपासणीचा खर्च कोणाचा?
3) विक्रीतला माझा वाटा किती टक्के, आणि पैसे कधी?
4) मध्येच पीक बदललं किंवा जमीन विकली तर काय?

उत्तरं तोंडी नकोत, करारात लिहून घ्या. करार इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा. शेतातला कार्बन वाढवणं चांगलंच आहे; शेणखत, पाचट कुजवणं, कमी नांगरट यांचा फायदा जमिनीला मिळतोच, क्रेडिट विको न विको. सहीची घाई मात्र करू नका. कागद घेऊन आधी ऑफिसला या, सोबत बसून वाचू.

मेसेज आपल्या गटात पुढे पाठवा.
– आपली शेतकरी उत्पादक कंपनी