घरगुती संगणकातील विषाणूंचे निर्मूलन व सुरक्षितता : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांमुळे मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक साक्षरता पोहोचली. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला येणारा विद्यार्थी असो वा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रबंध लिहिणारा संशोधक, त्याची गुणपत्रिका, जात वैधता प्रमाणपत्र व अनेक वर्षांचे लेखन आज संगणकात असते. ऐन प्रवेशाच्या मुदतीत ही कागदपत्रे उघडेनाशी झाल्यास होणारे नुकसान भरून निघणे कठीण असते. म्हणून प्रस्तुत लेखात विषाणू काढण्याची व तो पुन्हा येऊ न देण्याची पद्धती स्पष्ट केली आहे.

विषाणूंचा प्रसार :
१९८६ मधील लाहोरचा 'ब्रेन' विषाणू फ्लॉपीतून पसरला. १९९० च्या दशकात पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी फ्लॉपीतून येणाऱ्या विषाणूंवरील उपाय शोधताना 'क्विक हील'चा पाया घातला. फ्लॉपीची जागा पुढे पेन ड्राइव्हने घेतली. झेरॉक्स व टायपिंगच्या दुकानात एकाच संगणकाला दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह जोडले जातात. त्यामुळे एका बाधित ड्राइव्हपासून अनेक घरांपर्यंत संसर्ग पोहोचू शकतो.

'शॉर्टकट' प्रकारचा विषाणू मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट तयार करतो. त्यावर क्लिक करताच विषाणू कार्यान्वित होतो व पाठोपाठ मूळ फोल्डरही उघडतो. त्यामुळे वापरकर्त्यास शंका येत नाही. येथे माहिती बहुधा नष्ट झालेली नसते, केवळ लपविलेली असते. अशा वेळी घाईने ड्राइव्ह फॉरमॅट केल्यास विषाणूबरोबर माहितीही जाते.

निर्मूलनाची प्रक्रिया :
१) प्रथम इंटरनेट बंद करून पेन ड्राइव्ह काढावा.
२) विंडोज १० व ११ मधील डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी करावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वी होत असल्याने विषाणूस लपण्यास वाव कमी राहतो.
३) त्यानंतर पेन ड्राइव्ह न उघडता तपासावा. शॉर्टकट काढून टाकावेत व 'अ‍ॅट्रिब' आज्ञेने मूळ फोल्डरचे 'लपविलेले' व 'सिस्टिम' हे गुणधर्म काढावेत.
४) विषाणू वारंवार परतत असल्यास आवश्यक दस्तऐवजांची प्रत घेऊन विंडोज नव्याने स्थापित करावी.
५) बँक व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या निर्दोष संगणकावरून बदलावेत.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत निर्मूलनाची साधने विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली आहेत.

सुरक्षिततेचे उपाय :
मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने फाइली कूटबद्ध करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेले संगणक बळी पडले. बनावट विंडोज वापरणारे अनेकजण अपडेट बंद ठेवतात, हाच खरा धोका होय. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अशा संगणकांबाबत अधिक दक्षता हवी.

खंडणीखोर विषाणू काढला तरी कूटबद्ध फाइली आपोआप उघडत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या दस्तऐवजांची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी व काम होताच ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी. जोडलेली राहिल्यास तीही बाधित होऊ शकते. एकाच संगणकावर दोन अँटीव्हायरस ठेवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात. छपाईसाठी बाहेर नेण्याचा पेन ड्राइव्ह स्वतंत्र असावा व त्यात केवळ छापावयाची फाइल असावी.

निष्कर्ष :
विषाणू काढणे हे अर्धेच कार्य आहे. तो ज्या वाटेने आला ती वाट खुली राहिल्यास स्वच्छ केलेला संगणक पुन्हा बाधित होतो. नियमित अपडेट, स्वतंत्र पेन ड्राइव्ह व वेगळी ठेवलेली प्रत या तीन सवयींना फारसा खर्च येत नाही. संगणक प्रशिक्षण केंद्रांनी व महाविद्यालयांनी त्यांचे प्रात्यक्षिक प्रवेशाच्या हंगामापूर्वी घेतल्यास विद्यार्थ्यांची कागदपत्रे व परिश्रम दोन्ही सुरक्षित राहतील.