डॉब्सोनियन बैठक

डॉब्सोनियन बैठक ही न्यूटनीय परावर्ती दुर्बिणीसाठी वापरली जाणारी साधी, बहुधा लाकडी बैठक आहे. अमेरिकेतील हौशी खगोलनिरीक्षक जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी ती लोकप्रिय केली.

रचना

दुर्बिणीची नळी वर-खाली व क्षितिजाला समांतर फिरते. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकल्यामुळे ती हाताने सहज सरकते आणि सोडताच स्थिरावते. जड नेत्रिका लावल्यास आरशाच्या टोकाला वजन जोडून तोल साधतात.

मर्यादा

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश फिरते. त्यामुळे दुर्बीण सतत सरकवावी लागते. निरीक्षणास ही बैठक उत्तम असली, तरी अंधूक तारकासमूहांच्या दीर्घकालीन छायाचित्रणास ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाची विषुववृत्तीय बैठक आवश्यक असते. या अक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन स्थानिक अक्षांशाएवढा, मुंबईत सुमारे १९ अंश, ठेवावा लागतो.