पाण्यातला दगड

डिसेंबरचा महिना आहे. मराठवाड्यातल्या एका गावात कडाक्याची थंडी पडली आहे. सकाळचे सहा वाजले आहेत आणि आज तुमची चाचणी परीक्षा आहे. तुम्ही गीझरचे बटण दाबता. पाणी तापेपर्यंत पुस्तक चाळता. अर्ध्या तासाने नळ सोडता, तर पाणी जेमतेम कोमट! कान देऊन ऐकले, तर गीझरमधून खडखड असा आवाज येतो. जणू आत कोणी खडे उकळत ठेवले आहेत.

असे काही दिवस जातात. मग एके दिवशी बटण दाबताच सगळ्या घराची वीज जाते. अब्बा म्हणतात, "गीझर खराब झाला." दादी म्हणतात, "आमच्या वेळी तांब्याचा बंब होता. तो कधी बिघडला नाही." शेजारचे चाचा सांगतात, "वीज बंद करणारा तो छोटा स्विच काढून टाका आणि तारा सरळ जोडा. गीझर चालू होईल."

विद्यार्थी मित्रांनो, चाचांचा सल्ला ऐकावा का? आणि चार वर्षांपूर्वीच आणलेला गीझर इतक्या लवकर का बिघडला? या प्रश्नांची उत्तरे शोधायची असतील, तर आधी पाण्याची गोष्ट ऐकायला हवी.

पावसाचे पाणी आकाशातून पडते, तेव्हा त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण हवेतून आणि मातीतून जाताना त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड वायू विरघळतो. त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी बनते. मराठवाड्याच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे आणि मातीत जागोजागी चुनखडीचे खडे आहेत. पाणी त्यांच्यामधून हळूहळू झिरपते आणि जाता जाता कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यात विरघळवून घेते. विहिरीत किंवा बोअरमध्ये येते ते हेच पाणी. ते दिसायला स्वच्छ असते. पण त्यात दगडाचा अंश लपलेला असतो.

अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून त्याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात. 'फेन' म्हणजे फेस. ज्या पाण्यात फेस सहज येतो, ते 'सुफेन पाणी'. लोक मात्र दुष्फेन पाण्याला साधेपणाने 'जड पाणी' म्हणतात. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, कपडे कडक होतात, बादलीच्या काठावर पांढरे डाग पडतात. तुमच्या घरी या खुणा दिसतात का? जरूर पाहा.

पाणी किती जड आहे, हे मोजता येते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ठरलेले आहे. त्याप्रमाणे एका लिटर पाण्यात कठीणपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळतच नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. असे पाणी पिण्याने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो भांड्यांना, नळांना आणि गीझरला.

तो कसा? जड पाणी तापले की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. ते पाण्यात विरघळत नाही. ते तळाशी बसते आणि गरम भागावर चिकटते. खडू, चुनखडी आणि संगमरवर हे सर्व मुख्यतः याच पदार्थाचे बनलेले असतात. आंध्र प्रदेशातील बोरा गुहांमध्ये छतापासून लोंबणारे दगडी स्तंभ आहेत. तेही कॅल्शियम कार्बोनेटचेच. मात्र तिथे उष्णता नसते, थेंब थेंब पाणी टपकते. म्हणून ते स्तंभ बनायला हजारो वर्षे लागली. गीझरमध्ये पाणी रोज तापते, म्हणून दगडाचा थर काही वर्षांतच तयार होतो.

आता एक सोपे गणित करू. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ६० लिटर पाणी तापवले जाते. म्हणजे रोज १८ ग्रॅम क्षार गीझरमधून जातात. वर्षभरात ते साडेसहा किलो होतात! ते सगळेच काही आत राहत नाहीत. बरेचसे पाण्याबरोबर बाहेर पडतात. पण दहावा हिस्सा जरी आत चिकटला, तरी वर्षाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त दगड तुमच्या गीझरच्या पोटात जमा होतो.

गीझरच्या पोटात काय असते? एक टाकी असते. तिच्याभोवती उष्णता बाहेर जाऊ न देणारा जाड थर असतो. टाकीत तापणारी कॉइल असते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की वीज बंद करणारा थर्मोस्टॅट असतो. कॉइल म्हणजे बाहेरून धातूची नळी. तिच्यात मधोमध नायक्रोमची तार असते आणि तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी घट्ट भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही.

कॉइल नवी असते, तेव्हा तिची उष्णता लगेच पाण्यात जाते. पण तिच्यावर दगडाचा थर बसला की उष्णतेला वाट मिळत नाही. थंडीत आपण रजई पांघरतो, तशी कॉइल दगडाची रजई पांघरते. पाणी तापायला उशीर होतो आणि आतली तार मात्र फार तापते. थराखाली अडकलेले पाणी उकळून त्याचे बुडबुडे फुटतात. तुम्ही ऐकलेली खडखड हीच! शेवटी एके दिवशी धातूच्या नळीला तडा जातो. पाणी आतल्या भुकटीत शिरते आणि वीज पाण्यात उतरते.

आता चाचांच्या सल्ल्याकडे वळू. ज्या छोट्या स्विचने घराची वीज बंद केली, त्याला आरसीसीबी म्हणतात. जाणारी वीज आणि परत येणारी वीज सारखी आहे का, यावर तो सतत लक्ष ठेवतो. घरातला असा स्विच साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो. बाथरूममध्ये आपण ओल्या अंगाने, अनवाणी उभे असतो. अशा वेळी गळणारी वीज शरीरातून जमिनीत गेली, तर जीव जाऊ शकतो. म्हणजे त्या सकाळी स्विच बिघडला नव्हता. त्याने तुमच्या घरातल्या कोणाचा तरी जीव वाचवला होता. तो काढून टाकणे म्हणजे दाराशी पहारा देणाऱ्यालाच हाकलून देणे. लक्षात ठेवा, नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ताबडतोब दूर व्हा, मुख्य स्विच बंद करायला सांगा आणि घरातल्या सर्वांना सावध करा.

मग दादींचे म्हणणे खरे का? अर्धे खरे. बंबाच्या आतही पांढरा थर साचत असे. पण बंबात निखारे होते, विजेची तार नव्हती. थर साचला तर कोळसा जास्त लागे, एवढेच. धोका मात्र त्यातही होता. बंद खोलीत निखारे पेटवले, तर विषारी वायू साचतो.

आता अब्बांपुढे प्रश्न आहे : गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? मिस्त्री आले की पहिली गोष्ट टाकी तपासायची. टाकी चांगली असेल आणि फक्त कॉइल जळली असेल, तर कॉइल बदलून काम भागते. पण टाकीलाच गंज लागून ती गळत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. नवा गीझर घेणेच योग्य.

टाकी का गंजते, हेही समजून घ्या. बऱ्याच टाक्या पोलादाच्या असतात आणि त्यांना आतून काचेसारखा लेप दिलेला असतो. लेपाला बारीक चीर पडली की तिथे गंज सुरू होतो. तो रोखण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजते. कांडी स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले होते. कांडी संपली आणि कोणी बदलली नाही, तर पुढची पाळी टाकीची असते. चार वर्षांत तुमच्या घरी ती कांडी एकदा तरी पाहिली होती का? बहुतेक नाही.

नवा गीझर बसवणे हे जाणकार मिस्त्रीचे काम आहे. तुम्ही ते करू नका. पण नीट पाहा. तो आधी मुख्य स्विच बंद करतो आणि वीज नसल्याची टेस्टरने खात्री करतो. मग पाण्याची चावी बंद करून जुनी टाकी रिकामी करतो. नवा गीझर पक्क्या भिंतीवरच टांगावा लागतो. कारण १५ लिटरच्या गीझरमधल्या पाण्याचेच वजन १५ किलो असते. थंड पाण्याच्या वाटेवर सुरक्षा झडप बसवतात. तापलेले पाणी प्रसरण पावते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे एक पेलाभर वाढते. वाढलेला दाब ही झडप बाहेर सोडते. तिच्यातून थेंब गळतात म्हणून कोणी तिचे तोंड बंद करू लागला, तर त्याला थांबवा.

गीझर २००० वॅटचा असेल, तर तो सुमारे ९ अँपिअर वीज घेतो. म्हणून त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची : आधी गरम पाण्याचा नळ उघडून टाकी पूर्ण भरू द्यायची. नळातून सलग धार आली की मगच बटण दाबायचे. कोरड्या टाकीत बटण दाबले, तर नवी कॉइल काही क्षणांत जळू शकते.

नवा गीझर आला, तरी बोअरचे पाणी तेच राहणार! मग तो टिकवायचा कसा? थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. पाणी जितके जास्त तापेल, तितका थर जास्त बसतो. वर्षातून एकदा मिस्त्रीकडून कॉइल आणि कांडी तपासून घ्या. कॉइलवरचा थर लिंबूसत किंवा सिरका यांच्या पाण्यात भिजवून काढता येतो. आम्ल लागताच थरातून बुडबुडे निघतात आणि दगड विरघळू लागतो. तीव्र ॲसिड वापरू नका. ते धातूही खाते. आणि कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शक्य असेल, तर छपरावरचे पावसाचे पाणी साठवा. ते सुफेन असते.

मित्रांनो, गीझर काही अचानक बिघडला नव्हता. आधी पाणी कोमट झाले, मग खडखड झाली. तो महिनाभर काहीतरी सांगत होता आणि घरातले कोणी ऐकत नव्हते. आज घरी गेल्यावर किटलीच्या तळाला बोट लावून पाहा. पांढरी खरबरीत खपली हाताला लागली, तर समजा की तुमच्याही पाण्यात दगड आहे. मग ही गोष्ट घरात सर्वांना सांगा. नवे यंत्र पैशाने आणता येते; गेलेला जीव आणता येत नाही.

शब्दार्थ
कडाक्याची – फार तीव्र
झिरपणे – हळूहळू आत मुरत जाणे
अंश – थोडा भाग
विघटन होणे – एका पदार्थाचे तुटून वेगळे पदार्थ होणे
पहारा देणे – राखण करणे
झिणझिण्या – अंगात मुंग्या आल्यासारखे वाटणे
प्रसरण पावणे – आकाराने वाढणे
खपली – सुकून चिकटलेला थर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दुष्फेन पाणी कशाला म्हणतात?
(आ) मॅग्नेशियमची कांडी टाकीला कशी वाचवते?
(इ) गीझरचे बटण दाबण्याआधी टाकी का भरावी लागते?
२. चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) चाचांचा सल्ला का धोक्याचा होता?
(आ) दादींचे म्हणणे 'अर्धे खरे' का?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : सुफेन, रिकामी, थंड, जुना.
४. वाक्यात उपयोग करा : कान देणे, सावध करणे, काम भागणे.
५. तुमच्या घरी, शाळेत आणि शेजारी वापरात असलेले पाणी तीन बाटल्यांत घ्या. प्रत्येकात साबणाच्या पाण्याचे पाच थेंब टाकून हलवा. कोणत्या बाटलीत फेस जास्त आला, ते लिहा आणि कारण सांगा.