तळपायावरचा काळा डाग आणि रक्तातली खूण

मेलॅनोमा म्हटलं की गोऱ्या लोकांचा, उन्हाचा आजार, असं वाचायला मिळतं. आपल्याकडे तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली सापडतो, जिथं ऊन फारसं पोचतच नाही. मोखाड्यात लावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्याला असा डाग म्हणजे काट्याची जुनी जखमच वाटणार. दुखत नाही, मग दाखवायचं कशाला?

आता हा पसरलाय का, ते कसं कळतं? तळपायातून निघालेल्या पेशी बहुधा आधी जांघेतल्या लसीकागाठीत जातात. ती गाठ काढून त्यात एस-१००, मेलॅन-ए ही प्रथिनं शोधतात. चुकार पेशींचा पुंजकाही मग नजरेत येतो. एस-१०० नावाची गंमत सांगतो. १९६५ साली ते मिळालं तेव्हा अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलंच राहिलं, म्हणून १००! त्यातलं एस-१००बी रक्तातही मोजतात.

दुसरं एलडीएच. रोग दूरच्या अवयवांत गेला असेल तर टप्पा ठरवताना ते बघतातच. पण इथं जपून. तांबड्या पेशींतही एलडीएच असतं. सिकलसेलमध्ये, मलेरियात त्या फुटतात नि आकडा चढतो. आणि सिकलसेल आपल्या पाड्यांवर आहेच. म्हणून नुसत्या आकड्यावरून ‘पसरला’ म्हणायचं नाही, स्कॅन लागतो. उलटही खरं: सुरुवातीला ही प्रथिनं रक्तात सहसा वाढत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला तरी डाग काढून तपासायलाच हवा.