इंधन-घटातील नवा पडदा

हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून थेट वीज देणारा ५ किलोवॅटचा अल्कधर्मी इंधन-घट फ्रान्सिस बेकन यांनी १९५९ साली इंग्लंडमध्ये चालवून दाखविला. पुढे अपोलो यानांना अशाच घटांनी वीज व पिण्याचे पाणी पुरविले. पृथ्वीवर मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कार्बोनेटचे स्फटिक साचून विद्युदग्रांची छिद्रे बुजतात. यावर उपाय म्हणजे द्रावणाऐवजी बहुवारिकाचा पातळ पडदा. त्याच्या रेणुसाखळीला धनभारित गट जखडलेले असतात व त्यातून हायड्रॉक्साइड आयन वाहतात. पोटॅशियमच नसल्याने स्फटिक साचत नाहीत. शिवाय प्लॅटिनमऐवजी निकेल, चांदी असे स्वस्त उत्प्रेरक वापरता येतात. तथापि तापमान वाढले की हेच आयन धनभारित गटांवर आघात करून पडदा निकामी करतात. पडदा टिकाऊ झाला, तरच हा घट सामान्यांच्या आवाक्यात येईल.