खोका नको, बल्ब दाखवा

नामांकित कंपन्यांच्या नावाचे बनावट सुटे भाग पकडल्याची बातमी आली की दोन दिवस चर्चा होते. गोदाम कुठलं, माल किती लाखांचा, धरलं कुणाला. गिऱ्हाइकाला हवं असलेलं उत्तर मात्र त्या बातमीत सापडत नाही. उद्या दुकानात उभं राहिल्यावर हातातला माल खरा की खोटा, हे ओळखायचं कसं? ब्रेक पॅड आणि ऑइल फिल्टरबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी हेडलाइटच्या बल्बबद्दल लिहितो आहे, कारण तो फटका मी स्वतः खाल्ला आहे.

दोन वर्षांपूर्वी भर पावसात, रात्रीच्या वेळी ताम्हिणी घाट उतरत होतो. डावीकडचा पांढरा पट्टा दिसत नव्हता आणि समोरून येणारा प्रत्येक जण मला लाइट मारून खुणावत होता. मी तर डिपरवरच होतो. आठच दिवसांपूर्वी नवे बल्ब टाकले होते. खोका नावाजलेल्या कंपनीचा, वर चकचकीत होलोग्राम. मला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतायत, हे एकाच वेळी कसं होतं? ते कोडं सोडवलं आमच्या भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी.

काकांच्या गल्ल्यात तंबाखूची एक रिकामी डबी आहे. तिच्यात कापसात गुंडाळलेला एक बल्ब असतो, गाडीबरोबर कारखान्यातून आलेला. त्यांनी तो काढला, माझा बल्ब शेजारी ठेवला आणि म्हणाले, “अहो, खोका काय बघताय? तार बघा.”

अनेक जुन्या-नव्या गाड्यांत असतो तो एच-४ जातीचा बल्ब. त्यात दोन तारा असतात, अप्परची एक आणि डिपरची एक. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर फेकला जातो. बल्बच्या टोकाला काळा रंग असतो, तोही प्रकाश सरळ समोर जाऊ नये म्हणून. या सगळ्याचं गणित मिलिमीटरच्या दशांशांत बसवलेलं असतं. तार एवढीशी पुढेमागे झाली किंवा वाटी जराशी कलली, की जो प्रकाश डांबरावर पडायचा तो समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. काकांच्या बल्बमधली तार दोरी ताणल्यासारखी सरळ होती. माझ्या बल्बमधली मधोमध झोळ खाऊन वाकलेली, वाटी एका बाजूला झुकलेली, आणि टोकाच्या काळ्या रंगाची कड घाईत कुंचला फिरवल्यासारखी वेडीवाकडी. दोन्ही शेजारी ठेवल्यावर हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. मी तो बल्ब विकत घेताना खोक्याबाहेर काढलाच नव्हता.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. खोका ही नक्कल करायला सगळ्यात सोपी वस्तू. छपाई स्वस्त आहे, होलोग्रामची पट्टी छापून मिळते. बल्ब नीट बनवणं मात्र अवघड आणि महाग. म्हणून चोरी पकडायची ती बल्बवर.

काच घ्या. हॅलोजन बल्बमधला वायू वातावरणाच्या कित्येक पट दाबाने भरलेला असतो आणि काच काही शे अंशांपर्यंत तापते. ते सोसायला क्वार्ट्झची काच लागते. चांगल्या बनावटीत ती अतिनील किरणही अडवते. आजकाल हेडलाइटची पुढची काच खरं तर प्लॅस्टिकची असते आणि अतिनील किरणांनी ते प्लॅस्टिक पिवळं पडतं. हलक्या काचेचा बल्ब तडकतो, कधी फुटतो, आणि नुकसान अख्ख्या हेडलाइटचं होतं. काचेत बुडबुडे, रेघा, धुरकटपणा दिसला तर बल्ब परत द्या. फक्त काचेला बोट लावू नका. हाताचं तेल तापून काच कमजोर करतं, धरायचं ते धातूच्या बुडाला.

त्या बुडावरच पुढची खूण असते. एच-४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, कंपनीचं नाव, आणि वर्तुळात इंग्रजी ‘ई’ व त्यापुढे आकडा. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स, म्हणजे मान्यता कुठल्या देशाने दिली ते. जवळच मान्यतेचा क्रमांकही असतो. आपल्याकडे बल्बसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे. पुणेकर ज्या एआरएआयच्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिथल्या संस्थेत अशा दिव्यांच्या चाचण्या होतात. अक्षरं नखाने खरवडली तर पुसली जाता कामा नयेत. ‘सीई’ ही दोन अक्षरं पाहून समाधान मानू नका, ती रस्त्यावरच्या दिव्याची मान्यता नव्हे.

निळ्या काचेच्या ‘सुपर व्हाइट ६००० केल्व्हिन’ हॅलोजनवर तर अजिबात भाळू नका. तारेतलं टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साधारण ३७०० केल्व्हिनला. तार ६००० केल्व्हिनचा प्रकाश देणार कुठून? निळा लेप पिवळा प्रकाश गाळतो, म्हणजे आहे तो उजेडही कमी करतो. पावसात ते परवडत नाही. ‘१००/९० वॅट’चा मोहही तसाच: होल्डर वितळतो, वायरिंग तापतं. आणि एच-४च्या मानकात डिपरचा प्रकाश सुमारे १००० ल्युमेन धरलेला असताना कुणी त्याच जागी बसणाऱ्या बल्बवर २०,००० छापत असेल, तर त्याच्या बाकीच्या छपाईवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही गाळलेलं असेल, किंवा दुकानदार एमआरपीच्या निम्म्यात देतो पण पक्कं बिल देत नाही, तर तिथून निघावं. महागड्या झेनॉन दिव्यांसाठी ऑस्राम आणि फिलिप्स खोक्यावर पडताळणीचा कोड देतात. तो फोनवरून तपासून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पण तक्रार झाली तर.

चांगला दुकानदार खोका उघडून दाखवायला कधीच कुरकुरत नाही. बल्ब तिथेच बसवून घेतलात तर गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. वरच्या बाजूला उजेडाची स्वच्छ कड दिसली पाहिजे आणि ती फक्त डावीकडे थोडी वर चढली पाहिजे. कड फिसकटलेली असेल तर बल्ब तिथेच परत करा.

आणि गाडीबरोबर आलेला बल्ब गेला म्हणून फेकू नका. रुमालात गुंडाळून दुकानात न्या आणि नव्याच्या शेजारी धरा. खऱ्या मालाचा नमुना आपल्याच गाडीतून निघालेला असतो.